चौकस विद्यार्थ्यांचा सत्कार

डिस्टोपियन कादंबऱ्यांतल्या सरकारांना अक्कल नसते, हे माझं मत आजही कायम आहे. फक्त ते आता मी कुणाला सांगत नाही.

पूर्वी सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. उद्याचं भयंकर जग रंगवणाऱ्या या कुमार कादंबऱ्या मी सातवीपासून चिवड्यासारख्या फस्त केल्या, आणि चिवड्यासारखाच त्यांचा मसाला मला पाठ झाला. नायिका सोळा वर्षांची. आईबाप दहाव्या पानाच्या आत मेलेले, नाहीतर बावळट. एक परीक्षेचा दिवस, त्या दिवशी पोरांची वाटणी होणार. काळ्या गाड्या, सायरन, काटेरी तारा. जग बुडतंय आणि बाईसाहेबांना प्रश्न पडलाय की दोघांतला कुठला मुलगा निवडू. शेवटी तिच्या एका भाषणानं सगळं शहर पेटून उठतं. मी बार्शीची. आमच्याकडे नळाला पाणी आलं नाही तर लोक पेटून उठत नाहीत, मोठी टाकी घेतात.

माझं हे सगळं ऐकून घेणारा एकच माणूस होता, लातूरचा माझा मावसभाऊ निहार. वयानं तीन वर्षांनी लहान, पण भांडायला माझ्यापेक्षा मोठा. मी एखादी कादंबरी टाकाऊ म्हटली की तो तिची बाजू घ्यायचाच. फोनवर आमची अशी जुंपायची की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आगं, कोण मेलंय का? एवढं काय बोंबलायलीस?"

मग 'पानोपान' आलं. हे कादंबऱ्या लिहिणारं यंत्र. माझ्यासारख्या वाचकांना ते कच्चे खर्डे फुकट पाठवायचं. प्रत्येक प्रसंगाखाली दोन बटणं असायची, 'पटतं' आणि 'पटत नाही'. 'पटत नाही' दाबलं की विचारायचं, का नाही? मग काय पटेल? मी तोंड सुटल्यासारखी लिहायचे. दोन दिवसांत तोच प्रसंग माझ्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्त होऊन परत यायचा. लेखकाला असं कान धरून बसवायची सोय आजवर कुठल्या वाचकाला मिळाली होती? मी तर हरखूनच गेले होते.

त्यामागचं शास्त्र कंपनीनं लपवलं नव्हतं. यंत्र एका प्रसंगाची हजार रूपं करतं, ती हजारो वाचकांत वाटतं, आणि जिकडे जास्त लोकांना पटतं तिकडे सरकतं. पाणी जसं उतार शोधत जातं, तसं. आणि त्यात एक खुबी होती. माणसाला सरळ विचारलं, "तुमच्या मुलाला कुणी न्यायला आलं तर काय कराल?" तर तो म्हणतो, "जीव देईन." तोच प्रश्न कादंबरीतल्या आईबद्दल विचारा. तो म्हणतो, "रडेल, आणि सही करेल." दुसऱ्याच्या नावानं माणूस खरं बोलतो. यंत्राला हवं होतं ते हेच खरं. हे वाचून मी "वा!" म्हणाले होते. एवढं खरं उत्तर कंपनीला कशाला हवंय, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्याकडून एक खर्डा आला, 'शांतपूर' नावाचा. त्यातलं सरकार उलट उत्तरं देणाऱ्या पोरांच्या कानामागे एक चकती बसवतं. कल्पना बरी होती, कारण पाया खरा होता. मेंदूतून निघणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूची एक फांदी कानाच्या कातडीपर्यंत येते, आणि त्याचीच दुसरी फांदी हृदयाकडे जाते. कानापाशी हलका विद्युतप्रवाह दिला की चढलेली धडधड उतरवता येते. कादंबरीतली चकती त्याच्याही एक पाऊल पुढे होती. घाम आणि नाडी यांवरून ती राग यायच्या आधीच ओळखायची आणि उठण्याआधीच त्याला निजवायची. पोरं तेरा ते सतरा वयाचीच का? तर त्या वयात मेंदू न वापरलेल्या वाटा छाटत असतो. हट्टाच्या, वादाच्या वाटा काही महिने वापरल्याच नाहीत, तर तो त्या बुजवून टाकतो. मग चकती काढली काय, ठेवली काय, पोरगं शांतच.

इथपर्यंत मला सगळं पटलं. पण मग आल्याच काळ्या गाड्या, आलेच बंदूकवाले! मी कपाळावर हात मारला आणि लिहिलं, 'अहो, पोरं पळवायला बंदुका कशाला? आमच्या बार्शीत या. एक मंगल कार्यालय घ्या आणि सत्कार ठेवा. शाल, श्रीफळ, फेटा. आईबाप इस्त्रीचे कपडे घालून पोरगं स्वतः आणून सोडतील.'

यंत्रानं विचारलं, बंडखोर मुलं ओळखायची कशी? मी लिहिलं, 'चौकस विद्यार्थी पुरस्कार जाहीर करा. वर्गात कोण डोकं खातं ते शिक्षकच आनंदानं कळवतील.' चकती कुणी लावायची? 'गावातल्या आज्यांनी. आधी हळदीकुंकू लावायचं, मग चकती. आजीच्या हाताला कोण नाही म्हणणार?' सभागृहातून कुणी ओरडलं तर? 'सूत्रसंचालिकेनं हसून म्हणायचं, यांच्या भावना अनावर झाल्या आहेत, आणि टाळ्या मागायच्या.' कुणी तब्येतीचं कारण सांगितलं तर? 'स्टेजवर डॉक्टर बसवा.' घरी जाऊन लावतो म्हणाले तर? 'फोटो आत्ताच हवाय म्हणा.' शेवटी तर मी सूत्रसंचालिकेसाठी एक टुकार चारोळीसुद्धा करून दिली. ती करताना मी एकटीच बसून हसत होते.

दुरुस्त खर्डा परत आला. मी 'पटतं' दाबलं. त्यांनी मला 'शिखर वाचक' ही पदवी दिली, आणि ती मी घरभर मिरवली.

त्याच सुमारास निहारचा लातुरात कसलासा सत्कार झाला. शाल पांघरलेला फोटो मावशीनं पाठवला. पुढे महिनाभर मी परीक्षेत अडकले. नंतर त्याला फोन केला आणि एका नव्या कादंबरीवर तोफ डागली. म्हटलं, आता पेटणार हा.

"छान आहे," तो म्हणाला.

"अरे, शेवट किती फालतू आहे!"

"शेवट पण छान आहे."

"निहार, तुला बरं नाहीये का?"

"बरं आहे. तू म्हणतेस ते पण छान आहे."

मला वाटलं दहावीचा ताण असेल. मला त्याचा रागही आला होता, हे खरं. आईनं मात्र त्या दिवशी मावशीशी बोलून फोन ठेवला. "निहार कारलं खायलाय म्हणं," एवढंच म्हणाली. "वाढलं की खातो. अक्का फोनवर रडायली होती."

कारलं खाल्लं म्हणून रडायचं काय, म्हणून मी हसले.

आणि त्याच महिन्यात आमच्या घरी सुतक आलं. पप्पांचे कुणी चुलत आजोबा परंड्याकडे वारले. त्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण माझ्या जिवलग मैत्रिणीच्या साखरपुड्याला मला जाता आलं नाही. मी आईशी कडाकडा भांडले. "हे कादंबरीत लिहिलं ना, तर एक वाचक 'पटतं' म्हणणार नाही," असं मी तिला सुनावलं. आई म्हणाली, "नको पटू दे. माणसं पाळतात."

मग एक दिवस माझी धाकटी बहीण ओजू शाळेतून नाचत आली. पंधरा वर्षांची, शिक्षकांच्या भाषेत 'फार प्रश्न विचारते' अशी. तिला चौकस विद्यार्थी पुरस्कार जाहीर झाला होता.

हे शब्द ऐकून मी उडायला हवं होतं ना? मी काय केलं? "बघा, चोरली माझी कल्पना!" म्हणून हसले. कादंबरी बाहेर आली असेल, कुणा शिक्षकानं वाचली असेल, असं मला वाटलं. पप्पांचं बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करायचं दुकान आहे. ते त्यांनी त्या दिवशी बंद ठेवलं आणि लग्नातला कोट काढला. आईनं शेजारच्या काकूंकडून मोत्याचा सर मागून आणला. माझ्या घरचे आईबाप इस्त्रीचे कपडे घालून निघाले होते आणि मी त्यांचे फोटो काढत होते.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. पोरींनाही, त्यांच्या बापांनाही फेटे बांधले होते. एका बाजूला ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या बाजूला नऊवारी नेसलेल्या आज्या तबकं घेऊन उभ्या. स्टेजवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेले एक डॉक्टर उगाचच बसले होते. ते पाहून मी फोटो काढायचा मोबाइल खाली घेतला. एवढं कुणी चोरतं का? डॉक्टरसकट?

तेवढ्यात सूत्रसंचालिकेनं माइक हातात घेतला.

"लेकरू तुमचं, कौतुक आमचं,
उजळेल नाव साऱ्या गावाचं;
शांत मनाला मिळतं यश,
हेच गुपित आहे जीवनाचं!"

टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले. ही माझी चारोळी होती. ती मी कुठेच छापली नव्हती, कुणाला दाखवली नव्हती. ती फक्त त्या यंत्राला माहीत होती.

पहिला मुलगा वर गेला. आजीनं त्याला कुंकू लावलं, शाल पांघरली, आणि तबकातून बटणाएवढी पांढरी चकती उचलून त्याच्या कानामागे हलकेच दाबली. "एकाग्रतेसाठी आमच्या प्रतिष्ठानची ही छोटीशी भेट," सूत्रसंचालिका म्हणाली. मुलाचे आईबाप खाली उभे राहून डोळे पुसत होते.

कादंबरी कुठे नव्हतीच. मला वाचायला दिलं ते गोष्ट म्हणून नव्हे. त्यांना योजना तपासून हवी होती, आणि लोक कुठे अडतील, कुठे बिथरतील, कुठे बावळटासारखे खूश होतील, ते सगळं सांगून मी त्यांना भोकं बुजवून दिली होती. फुकट! वर पदवी मिरवून!

ओजू रांगेत चौथी होती. मी ताडकन उठले. "थांबा! ते लावू नका! त्यानं पोरं..."

सूत्रसंचालिका माझ्याकडे पाहून गोड हसली. "एका ताईच्या भावना अनावर झाल्या आहेत! बहिणीच्या या प्रेमासाठी जोरदार टाळ्या!"

सगळं कार्यालय माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागलं. ऑर्केस्ट्रानं सूर चढवला. माझा आवाज मलाच ऐकू येईना. माझ्याच वाक्यानं माझं तोंड बंद केलं होतं, आणि ते किती चोख चालतं हे मी तिथे उभी राहून पाहत होते. मी मटकन खाली बसले.

"येड लागलंय का तुला?" आई दातओठ खात म्हणाली. "सगळे बघायलेत!"

"आई, ती चकती. ती लावली की राग येत नाही. हट्ट नाही, भांडण नाही, कशाचंच काही वाटत नाही. ओजू आपली राहणार नाही गं."

आईचा चेहरा उतरला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "कानामागं लावायची? निहारला दिलीय तसली?"

"निहारला?"

"अभ्यासासाठी म्हणून सत्कारात दिली म्हणं. अक्का म्हणत होती, तवापासनं पोरगं भांडतच नाही."

फोनवरचं त्याचं बोलणं मला आठवलं. छान आहे. शेवट पण छान आहे. माझा निहार.

"उठ," आई म्हणाली. "घरी नेऊ तिला. तब्येत बिघडली म्हणून सांगू."

"डॉक्टर बसवलाय."

"मग घरी लावतो म्हणू."

"फोटोचं सांगतील. आई, मी सगळं बुजवून ठेवलंय!" मला रडू फुटलं. वर सूत्रसंचालिकेनं पुकारलं, "सौ. मनीषा आणि श्री. दत्तात्रय आवारे यांची कन्या, ओजस्वी!" पप्पा छाती फुगवून उभे राहिले. ओजू पायऱ्या चढू लागली. मी यंत्राला काय सांगितलं नव्हतं? काय राहिलं होतं? त्या कादंबऱ्यांत कुठेच नसतं, मला कधी पटलं नाही, म्हणून लिहायचं सुचलंच नाही, असं काय होतं?

मी धावले. स्टेजवर चढले आणि तबकवाल्या आजीसमोर उभी राहिले. कुंकवानं भरलेलं तिचं बोट ओजूच्या कपाळापाशी पोचलं होतं.

"आजी, आम्हाला सुतक आहे."

बोट जागीच थांबलं. आजी दोन पावलं मागे सरली. तिच्या शेजारच्या आज्यांनी तबकं पदराखाली घेतली.

"कोण गेलं?" सूत्रसंचालिकेनं विचारलं. हसू अजून तसंच होतं.

मला नाव सुचेना. खोटं बोलून जिवंत माणसाला मारायचं म्हणजे काही सोपं नसतं. मी आईकडे पाहिलं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी माझी आई. ती उभी राहिली, तिनं पदर डोळ्याला लावला आणि भरल्या कार्यालयात मोठ्यानं म्हणाली, "ह्यांचे चुलते. वैरागचे बापूकाका. सकाळीच गेले. पोरीचा आनंद मोडू नये म्हणून दडवलं होतं, पण मन खायलं!"

पप्पांचा आ वासला. बापूकाकांचा अभिनंदनाचा फोन आम्ही निघताना तासभर चालला होता. आणि आता नेमका पप्पांचा मोबाइल वाजला. आईनं तो त्यांच्या खिशातून काढला आणि शांतपणे त्यावर बसली. पप्पांनी आईचा चेहरा पाहिला. त्यात त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी फेटा काढून मान खाली घातली.

प्रतिष्ठानचा सुटाबुटातला माणूस पुढे आला. "ताई, आजच्या विज्ञानयुगात सुतकाचं काय घेऊन बसलात? आजी, तुम्ही लावा."

आजीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्यात चालत आसंल बाबा. मी सुतकातल्या पोरीला हात लावणार न्हाई." ऑर्केस्ट्रावाल्यांनी आपण होऊन वाजवणं थांबवलं. मी ओजूला हाताला धरून खाली आणलं. ती रडत होती, मला चिमटे काढत होती, "सुतक कुठंय? खोटारडी!" म्हणून ओरडत होती. तिचं ते ओरडणं मला इतकं गोड लागलं की मी तिला तिथेच मिठी मारली.

बाहेर पडताना आईनं दोघीतिघींच्या कानाशी काहीतरी सांगितलं, आणि आणखी दोन घरांना अचानक सुतक आठवलं. बाकीची पोरं चकती लावून, शाल पांघरून, आईबापांचं बोट धरून घरी गेली. ते मी थांबवू शकले नाही. पुढे त्यातल्या घराघरांत जाऊन मी सांगितलं. लोकांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाले, "पण पोरगं किती शहाणं झालंय!"

मावशीनं निहारची चकती त्याच संध्याकाळी काढून टाकली. मी रोज त्याला फोन करते आणि फालतूतली फालतू कादंबरी वाचून दाखवते. सगळं कळल्यापासून ओजूही शेजारी बसून ऐकते. तो शेवटपर्यंत ऐकतो. अजून 'छान आहे' म्हणतो. परवा मात्र म्हणण्याआधी जरासा थांबला होता. निदान मला तसं वाटलं.

आठवड्याभरानं पानोपानचा नवा खर्डा आला. नायिकेची मोठी बहीण भर सत्कारात स्टेजवर चढते आणि म्हणते, आम्हाला सुतक आहे. आई उठते आणि एका जिवंत म्हाताऱ्याला मारते. मोबाइलवर बसते, हेसुद्धा होतं. कार्यालयात कुणीतरी हे सगळं टिपून घेत होतं. खाली प्रश्न होते. हे पटतं का? सुतकाला लोक खरंच एवढे मानतात का? संयोजकांनी काय केलं असतं तर मुलगी थांबली असती?

'पटत नाही' दाबून खोटं लिहावं, असं आधी वाटलं. 'असं कुणी करत नाही, हा भाग काढा.' पण यंत्राकडे माझा सगळा स्वभाव आहे. माझं खोटं ते इतरांच्या खऱ्याशी ताडून पाहील, आणि जिथे खोटं बोलले तिथेच खणेल. उत्तर दिलंच नाही, तर ते दुसऱ्या मराठी वाचकाला विचारेल. दिवाळी अंकाच्या मेळाव्यात भेटलेले असे कितीतरी शिखर वाचक मला माहीत होते. त्या सगळ्यांना मी फोन करून एकच उत्तर लिहायला सांगितलं. मराठी वाचकाला 'मत देऊ नको' म्हणणं म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत! एकेकाशी तासतास भांडले. पण त्यांच्याही घरात पोरं होती.

मी टेबलाशी बसले आणि प्रत्येक प्रश्नाखाली तेच लिहीत गेले. ज्यातून कुठल्याही यंत्राला, कुठल्याही बाजूला उतार सापडणार नाही, असं एकच उत्तर. हे पटतं का? छान आहे. लोक मानतात का? छान आहे. संयोजकांनी काय करावं? छान आहे.

ओजू मागून येऊन वाचत होती हे मला कळलं नाही. "ताई?" ती म्हणाली. मी वळणार तोच तिनं माझे केस बाजूला सारले आणि माझ्या कानामागे पाहिलं.